चौसष्टवरून एकदम शून्य

लॅपटॉपची बॅटरी कशी जपावी, हे जगाने माझ्याकडून शिकावं! वीस टक्क्यांच्या खाली उतरू द्यायची नाही, ऐंशीच्या वर चढू द्यायची नाही आणि गादीवर तर ठेवायचंच नाही. सहा वर्षं मी ती बॅटरी तळहातावरच्या फोडासारखी जपली. लेकीला ताप आला तेव्हाही मी आधी लॅपटॉप गरम झालाय का ते बघितलं, असा बायकोचा आरोप आहे. हे फक्त एकदाच झालं होतं!

तर, बायकोची ऑनलाइन मुलाखत ठरली. एका कॉलेजात ग्रंथपालाची जागा होती. लेकीच्या वेळी तिने नोकरी सोडली, त्याला नऊ वर्षं झाली. या काळात तिने घरातली पुस्तकंच काय, स्वयंपाकघरातले डबे आणि माझे मोजेसुद्धा क्रमवार लावून टाकले. पण दोन कॉलेजांनी ‘फार मोठा खंड पडलाय’ म्हणून गोड शब्दांत नकार कळवला होता. तिसऱ्या वेळी ती आठवडाभर आरशासमोर उत्तरं घोकत होती.

“अहो, चार्जर लावून ठेवू या ना,” मुलाखतीच्या दिवशी सकाळी ती म्हणाली.

“चार्जर? चौसष्ट टक्के आहेत! तीन तास हलायची नाही! आणि चार्जर ऑफिसच्या खणात आहे.”

“ऑफिसच्या?”

“घरी असला की तुम्ही दोघी रात्रंदिवस लावून ठेवता!”

तिने हातातला डबा जरा जोरातच फळीवर ठेवला. लग्नाला बारा वर्षं झाली की डब्याचं बोलणंही नीट ऐकू येतं.

शनिवार होता; अकराला मुलाखत सुरू झाली. मी दाराबाहेर कान लावून उभा. पलीकडे तिघंजण होते. बायको झकास बोलत होती! मग प्रमुख बाईंनी तो प्रश्न विचारलाच, “या नऊ वर्षांच्या खंडाबद्दल काय सांगाल?”

“त्याबद्दल मला एवढंच सांगायचंय, की...”

आणि शांतता. मग एक हाक आली, “अहो!”

मी आत धावलो. स्क्रीन काळाठिक्कर! बटण दाबलं, दाबून धरलं, लॅपटॉप उलटा केला, थोपटला. काही नाही!

“थांब, आलोच!” म्हणत मी वरच्या मजल्याकडे सुटलो. वरच्या शिवणकामवाल्या काकूंकडे अगदी अशाच पिनचा चार्जर होता. काकू मशीनवर पडदे शिवत होत्या. मशीनचा आवाज असा, की दगड फोडायचं काम चाललंय!

“काकू, गेली!” मी धापा टाकत ओरडलो. “बोलता बोलता गेली!”

काकूंचा पाय थांबला. “अरे, कोण? तुझी बायको?”

“तिच्या मुलाखतीतच! चौसष्ट होते, एकदम शून्य!”

“नाडी चौसष्टवरून शून्य?” काकूंच्या हातातली कात्री पडली. “आधी काही त्रास?”

“काहीच नाही! सहा वर्षांत कधी तक्रार नाही! चार्जर कुठाय?”

पण काकूंनी तोवर फोन कानाला लावला होता. “डॉक्टर! लवकर वर या! माझ्या खालच्या मजल्यावरची... हो, ती वाचनालयवाली! नवऱ्याला धक्का बसलाय, चार्जर मागतोय!”

तळमजल्यावरचे डॉक्टर बॅग घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत आले. त्यांच्यामागे त्यांचा पेशंट, तोंडात थर्मामीटर तसाच! मी “अहो, बॅटरी! बॅटरी!” म्हणत सगळ्यांच्या मागे. कोण ऐकतंय! लोंढा थेट आमच्या खोलीत घुसला.

बायको खुर्चीत ताठ बसली होती. मी जिना चढत असतानाच तिने फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून मुलाखत पुन्हा सुरू केली होती. डॉक्टरांनी तिचं मनगट पकडलं. काकू फोनसमोरच हंबरडा फोडायच्या बेतात! फोनमधून तीन चेहरे आ वासून बघत होते.

“...तर, खंडाबद्दल सांगत होते,” बायको शांतपणे म्हणाली. “नऊ वर्षं मी हेच करत होते. डॉक्टर, मी ठणठणीत आहे, बसा. काकू, पाणी प्या. भाऊ, थर्मामीटर काढा आता, वेळ झाली असेल. अहो, तुम्ही बाहेर!”

सगळे मुकाट बसले. मी बाहेर गेलो.

लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं. आतली बॅटरी उशीसारखी फुगलेली! “जपलीत छान,” तो म्हणाला, “पण सहा वर्षं म्हणजे म्हातारीच झाली ना. अशी बॅटरी आकडा दाखवते चौसष्ट आणि पटकन मान टाकते.” मी पुरता खचलो.

पण बुधवारी प्रमुख बाईंचा फोन आला. नोकरी मिळाली! बायकोने लेकीला उचलून गरागरा फिरवलं. काकूंनी तर नव्या नोकरीसाठी पिशवी शिवायलाच घेतली. माझीही छाती फुगली. संध्याकाळी बायकोने आभार मानायला बाईंना फोन लावला, तेव्हा मी तो तिच्या हातातून घेतला आणि म्हणालो, “बाई, खरं तर त्या दिवशी बॅटरी गेली म्हणूनच तिचा धीर तुम्हाला दिसला, नाही का?”

“छे हो!” बाई हसल्या. “आमचा निर्णय पहिल्या दहा मिनिटांतच, बॅटरी जायच्या आधीच झाला होता. पुढची वीस मिनिटं आम्ही थांबलो ते तुमच्या खोलीत आणखी कोण कोण घुसतंय ते बघायला!”