केंद्र क्रमांक एकशे अठरा

मतदानाच्या दिवशी पहाटे उठून भोंगेकाकांनी पातेल्यात सहा कप पाणी मोजून ओतलं. थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यातलं पाच कप परत पिंपात ओतलं आणि उरलेल्या एका कपाचा चहा टाकला.

समोर, चाळीस पावलांवर, बंद पडलेल्या शाळेत पाच माणसं त्यांच्यासाठी आली होती. एक केंद्राध्यक्ष बाई, तीन कर्मचारी आणि एक पोलीस. मतपेटी लावून, सील करून, पाचही जण दाराकडे डोळे लावून बसले होते. त्या दारातून अख्ख्या दिवसात एकच माणूस येणार होता, आणि तो आत्ता घरात चहा गाळत होता.

हे समजायचं तर मतदारसंघाचा आणि त्यातल्या या केंद्राचा इतिहास थोडा उगाळावा लागेल.

पहिली ते पाचवी निवडणूक
मतदार: ६१२, ५९०, ६०४, २१७, ४०.

इथे कौलांचा कारखाना होता. भोंगा वाजवायचं काम काकांकडे होतं, म्हणून ते भोंगेकाका. मूळ नाव फक्त मतदारयादीत उरलं होतं. पहिल्या निवडणुकीत त्यांनी सातच्या ठोक्याला भोंगा दिला आणि सगळी वस्ती सवयीने डबे घेऊनच मतदानाला आली.

पहिल्या दोन निवडणुका कारखान्याचे मालक जिंकले. तिसरी मालकांविरुद्ध संप करणारे पुढारी जिंकले. चौथी मालकांच्या जावयाने जिंकली. त्यानेच कारखाना बंद केला होता आणि तो पुन्हा सुरू करण्याचं वचनही त्यानेच दिलं होतं. पाचवी पुढाऱ्याच्या जावयाने जिंकली. वचन तेच होतं. मतदारसंघाचा राजकीय इतिहास एवढाच. पुढे फक्त जावई बदलत गेले.

वस्ती मात्र उठत गेली. ज्याचं सामान गाडीत चढलं तो जाताना म्हणायचा, "भोंगा वाजला की येतोच परत." कारखान्याचा खटला कोर्टात होता. तो संपेपर्यंत आवारावर एक पहारेकरी हवा होता, म्हणून भोंगेकाका राहिले. ते राहिले म्हणून काकू राहिल्या.

सहावी
मतदार: २. पुरुष १, स्त्री १. मतदान: शंभर टक्के.

काका पुढाऱ्याच्या बाजूचे, काकू मालकांच्या. "निदान कारखाना बंद करताना घरोघर येऊन सांगून तरी गेले," असं काकूंचं म्हणणं. दोघांची मतं एकमेकांना खाणार हे उघड होतं. तेव्हा कोणीच जाऊ नये असं आदल्या दिवशी ठरलं, आणि सकाळी दोघंही आपापली चप्पल शोधताना एकमेकांना सापडले.

परतताना काकू म्हणाल्या, "आपलं दोघांचं मिळून काहीच झालं नाही बघा."

"चालणं झालं की," काका म्हणाले.

सातवी
मतदार: १. पुरुष १. स्त्रिया: नाहीत.

शेवटच्या दोन शब्दांवर काका यादी वाचताना बराच वेळ थांबले होते.

त्या निवडणुकीला त्यांनी आठवडाभर आधीपासून घर झाडलं. शर्टाला इस्त्री केली. पाच माणसं येणार म्हणून सहा माणसांचा स्वयंपाक करून ठेवला, आणि सातला एक मिनिट असताना शाळेच्या दारात हजर झाले. मत दिलं. बोटाला शाई लागली. घरी येऊन त्यांनी ताटं मांडली आणि हाक मारायला बाहेर आले, तर समोरची माणसं पेटी गाडीत चढवत होती. यादीतल्या सगळ्यांचं मतदान झालं की केंद्र बंद करता येतं, असा नियम होता. यादीतले सगळे, म्हणजे काका, मतदान करून मोकळे झाले होते.

सात वाजून वीस मिनिटांनी गाडी वळणाआड गेली. तो स्वयंपाक काकांनी तीन दिवस खाल्ला.

आठवी
मतदार: १. मतदान: शंभर टक्के. (सायंकाळी पाच वाजून छप्पन्न मिनिटांनी.)

पाच वर्षं काकांनी या एका चुकीवर विचार केला होता. वर्षाकाठी त्यांच्याकडे यायची माणसं तीन: कोर्टाचा बेलीफ, मीटर बघणारा, आणि रस्ता चुकलेला कोणीतरी. त्यात पाच वर्षांतून एकदा पाच माणसं घरासमोर उतरतात आणि आपणच त्यांना वीस मिनिटांत वाटेला लावतो, हा शुद्ध मूर्खपणा होता. तेव्हा यंदा मत द्यायचं, पण सहाच्या आत कसंबसं.

नऊ वाजता ते शाळेच्या दाराशी गेले. "रांग आहे का?" त्यांनी पोलिसाला विचारलं.

"नाही."

"मग घाई नाही," म्हणून ते परत फिरले.

दहा वाजता पाच कप चहा ट्रेमध्ये घालून ते पुन्हा गेले. केंद्राध्यक्ष बाई पेशाने शिक्षिका होत्या. चहाकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की काकांना वाटलं आता घेतातच. पण त्यांनी हात मागे घेतला. मत देईपर्यंत मतदाराकडचं पाणीसुद्धा आम्हाला चालत नाही, त्याच्याकडे बसता येत नाही, गप्पाही मारता येत नाहीत, हे त्यांनी वर्गात समजावतात तसं समजावलं. काका ट्रे घेऊन परतले आणि पाच कप ओळीने पायरीवर ठेवून शेजारी बसले. चाळीस पावलांवरून पाच माणसं त्या चहावरची साय बघत होती.

इथवर सगळं गावकुसातलं होतं. पण दर दोन तासांनी मुख्यालयाला टक्केवारी कळवावी लागे. नऊला शून्य. अकराला शून्य. एकला शून्य. तिथे कोणीतरी नकाशावर लाल टाचणी टोचली. दीड वाजता फोन आला: बहिष्कार आहे का? बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, की कोणी मतदानाला आलेलं नाही. पलीकडच्याने प्रामाणिकपणे लिहून घेतलं: एकही मतदार आला नाही.

तीन वाजता दोन गाड्या आल्या. एकीत निवडणूक अधिकारी, दुसरीत बंदोबस्त. मागोमाग मोटारसायकलवरून एक वार्ताहर. भोंगेकाकांचा आनंद पोटात मावेना. दारातून त्यांनी घरातल्या दोन्ही खुर्च्या बाहेर आणल्या.

"बहिष्कार कशासाठी?" अधिकाऱ्याने विचारलं.

"बसा ना."

"आधी मागण्या सांगा."

"बसून सांगतो."

"आम्हाला मतदाराच्या घरी बसता येत नाही."

"मग उभ्याने सांगण्यासारखं काही नाही," काका म्हणाले.

हे उत्तर वार्ताहराला फार आवडलं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं: 'केंद्र ११८ वर मतदारांची अभेद्य एकजूट. चर्चा फिसकटली.' इकडे त्याच दुपारी दोन्ही जावयांपर्यंत बातमी गेली, आणि प्रत्येकाला वाटलं, की ही दुसऱ्याची चाल आहे. दोघांचेही प्रतिनिधी धावत आले. शाळेपासून नेमून दिलेल्या अंतरावर, कारखान्याच्या फाटकाशी, ते एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले. पावणेसहाला काकांनी बाहेरची माणसं मोजली. सतरा. आठवडी पगाराच्या दिवसानंतर एवढी माणसं आवारात आली नव्हती. सहाला चार मिनिटं असताना त्यांनी शांतपणे जाऊन मत दिलं, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी आवारात पुन्हा एकच माणूस उरला.

सतरा माणसांपैकी एकाशीही काकांचं धड बोलणं झालं नव्हतं. हे मात्र अंथरुणावर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

आठवी आणि नववी यांच्या मध्ये

एक पत्र. एकशे अठरा क्रमांकाचं केंद्र पुढच्या निवडणुकीनंतर बंद करून शहरातल्या एकशे सतरामध्ये विलीन करण्यात येत आहे. मतदारांना नेण्याआणण्यासाठी वाहनाची सोय करण्यात येईल. मतदारांनी सहकार्य करावे.

मतदारांनी पत्र चारदा वाचलं आणि घडी करून डब्याखाली ठेवलं.

नववी
मतदार: १. मतदान: सकाळी साडेनऊपर्यंत शून्य.

तर हा आजचा दिवस. शेवटचा. काकांनी ठरवलं होतं, की सहाला एक मिनिट कमी असेपर्यंत जागचं हलायचं नाही. माणसं जवळ येणार नव्हती, पण दिसणार तर होती. चाळीस पावलांवर कोणी खोकलं तरी ऐकू यायचं, आणि त्यावरसुद्धा एक दिवस निघतो.

केंद्राध्यक्ष बाई त्याच होत्या. केस पांढरे झालेले, डाव्या पायाला क्रेप बँडेज. त्या एकदा अंगणाच्या कडेपर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

"काका, मी तुम्हाला मत द्या असं म्हणू शकत नाही. देऊ नका असंही म्हणू शकत नाही."

"मग काय म्हणताय?"

"काहीच नाही. नुसती आले."

तेवढंच बोलून त्या परत गेल्या, लंगडत.

काका खुर्चीत बसून बघत राहिले. शाळा पहिलीदुसरीची, त्यामुळे बाकं टीचभर. तीन कर्मचारी त्या बाकांत गुडघे छातीशी घेऊन अडकले होते. शाईची बाटली सांभाळणाऱ्याची मान हळूहळू खाली जायची, कपाळ टेबलाला टेकायचं, आणि तो दचकून बाटली सरळ करायचा. यादीवाला डोळे उघडे ठेवून झोपला होता. पोलीस उभ्याउभ्या झुलत होता. कालपासून ही माणसं जागी आहेत, साहित्य घ्यायला रांगेत, मग गाडीत, मग पेटी लावण्यात, हे काकांना माहीत होतं. आठवीला फाटकाशी कोणीतरी ते बोलताना त्यांच्या कानावर पडलं होतं. बाईंनी बँडेजचा पाय दुसऱ्या बाकावर ठेवायचा प्रयत्न केला. बाक उलटलं.

काकांनी मान फिरवली. कारखान्याच्या धुराड्याकडे बघितलं. पुन्हा शाळेकडे बघितलं. यांना घरी जाऊन पडता येईल. माझं काय, मला रोजच पडता येतं.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ते उठले, कोणालाही रांगेबद्दल न विचारता आत गेले आणि मत देऊन बाहेर आले. शाईवाला बोटावर शाई घालता घालताच पेंगला. ती नखापासून पेरापर्यंत पसरली. दिवस आपल्या हाताने संपवल्यावर जसं चालावं तसे काका चाळीस पावलं चालत घरी आले आणि दार लोटून बसले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. गाडीचा आवाज येईना.

मग दारावर टकटक झाली. दारात पाचही जण होते, आणि सील केलेली पेटी पोलिसाच्या कडेवर.

"गाडी दुसऱ्या केंद्राकडे गेलीय," बाई म्हणाल्या. "ड्रायव्हरला फोन लागत नाही. दुपारी येईल, नाहीतर सहाला."

"पण मतदाराकडे बसता येत नाही ना तुम्हाला."

"आता तुम्ही मतदार नाही. झालं तुमचं मतदान."

"मग मी कोण?"

बाईंना याचं उत्तर नियमात सापडेना. "ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "चहा मिळेल का?"

भोंगेकाकांनी सहा कप पाणी मोजलं. लक्ष बाहेरच्या खोलीकडे होतं, त्यामुळे सात झालं. चहा उकळेपर्यंत बोलायचे विषय त्यांनी मनात लावून घेतले: संप, मालकांचा जावई, काकूंचं मत, भोंग्याची दुरुस्ती. दहा वर्षांचं साचलेलं होतं, कुठून सुरू करावं ते कळेना. शेवटी संपापासून सुरू करायचं ठरवून ते ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत आले.

पाचही जण झोपले होते.

बाई पलंगावर, पाय उशीवर. शाईवाला आणि यादीवाला चटईवर पाठीला पाठ लावून. तिसरा भिंतीला टेकून, तोंड उघडं. पोलीस मतपेटीला मिठी मारून. वेगवेगळ्या पट्टीतले पाच श्वास त्या खोलीत चालू होते.

काकांनी ट्रे खाली ठेवला, अजिबात आवाज न करता. मग एका कोपऱ्यात बसून, ऐकू येणार नाही इतक्या हळू आवाजात, त्यांनी संपाची हकिगत सांगायला सुरुवात केली. कोणी मध्ये बोललं नाही. विनोदाच्या जागी पोलीस घोरला, तेव्हा काका खूश होऊन क्षणभर थांबले.

अडीचच्या सुमाराला ते मालकांच्या जावयापर्यंत पोचले होते, तेवढ्यात फाटकाशी इंजिनाचा आवाज आला. काका उठून जवळजवळ धावत बाहेर गेले. ड्रायव्हर नवा होता. तो हॉर्नवर हात ठेवणार, तोच काकांनी त्याला हाताने अडवलं. आणि मग तो शाईचा हात पटकन खिशात घातला.

"आटपलं का?" ड्रायव्हरने विचारलं. "मतदार एकच आहे म्हणे इथे."

"नाही आटपलं. हट्टी आहे म्हातारा. सहाशिवाय काही मत देत नाही तो."

"कमाल आहे. आणि त्याच्या घरचे कोणी त्याला समजावत नाहीत?"

भोंगेकाकांनी मागे वळून आपल्या दाराकडे पाहिलं.

"हळू बोला," ते म्हणाले. "घरचे सगळे झोपलेत."