दोन गाणे अन् एक फाइट

पांढुर्णा ते छिंदवाडा या मार्गावर गुणवंताशेठने व्हिडिओ कोच सुरू केली, तेव्हा प्रवाशांना छिंदवाड्याला पोचवणे हा तिचा उद्देश होता. ही चूक लवकरच लक्षात आली. सिनेमा रस्त्यापेक्षा लांब असल्याने लोकांना शेवट न पाहताच उतरावे लागे. जनतेत असंतोष पसरला, शिष्टमंडळ शेठला भेटले आणि लोकहितास्तव गाडीचा वेग कमी करण्यात आला. या कामी रस्त्यातल्या खड्ड्यांनी मोलाचे सहकार्य केले.

तेव्हापासून या मार्गावर घड्याळ पाहणे असभ्यपणाचे मानले जाते. सौंसर म्हणजे पहिले गाणे, रामाकोना म्हणजे इंटरव्हल.

त्या दिवशी मोहगावला हिरामण आपल्या मुलीला, इंदूला, घेऊन चढला. तो दुसऱ्यांच्या बागांत संत्री तोडायचा. इंदूला नर्सच्या ट्रेनिंगसाठी मुलाखतीचे बोलावणे आले होते, दुपारी बाराला. पुढच्या वर्षी तिचे वय बसत नव्हते, म्हणजे हे बोलावणे शेवटचेच.

“बाराच्या आत पोचते ना जी गाडी?” हिरामणने कंडक्टर उत्तमला विचारले.

“पोचून राहिली ना! चार गाणे अन् तीन फायटी.”

सौंसरला चढलेल्या मंडळींनी रीतसर तक्रार नोंदवली. सिनेमातला खून मोहगावच्या अलीकडेच उरकला होता. खून न पाहता खुनी ओळखायचा कसा, हा मुद्दा बिनतोड होता. कॅसेट मागे फिरवण्यात आली. कॅसेट मागे जात असताना गाडी पुढे नेणे अन्यायाचे झाले असते, म्हणून ती उभी राहिली.

रामाकोन्यात चहा झाला. पुढे मारामारी सुरू होताच गाडी पुन्हा थांबली.

“आता काऊन थांबली जी?”

“डायवर पाहून राहिला,” उत्तम म्हणाला. “टीव्ही त्याच्या पाठीमागं हाय. त्यानं काय जन्मभर नुसता आवाजच आयकावा?”

इंदू उठून उभी राहिली. “माहा इंटरव्ह्यू हाय. टीव्ही बंद करा अन् गाडी चालवा.”

सौंसरच्या वाचनालयाचे अध्यक्ष यशवंतराव पुढच्याच सीटवर होते. सिनेमाने समाज बिघडतो, हे ते प्रत्येक भाषणात सांगत. पडद्यावरची नजर न हलवता ते म्हणाले, “पोरी, तुह्या एकटीसाठी एवढ्या लोकायचं नुकसान करावं का? आपल्या देशात लोकशाही हाय. मत घेऊन पाहू.”

गाडी चालवण्याच्या बाजूने बापलेकीचे दोन हात वर झाले. बाकीचे हात फुटाण्यांत गुंतले होते. ते विरोधात धरण्यात आले.

छिंदवाड्याच्या नाक्याशी गाडी आणखी एकदा उभी राहिली. स्टँडवर फार वेळ थांबू देत नाहीत आणि खुनी अजून सापडायचा होता. “दोन गाणे अन् एक फाइट,” उत्तमने धीर दिला. इंदूने चपला हातात घेतल्या आणि ती पळत सुटली. मागे धापा टाकत हिरामण.

सगळ्यांची नावे पुकारून झाली होती. शिपाई दाराला कुलूप लावत होता. “टाइम की कदर करना सीखो,” असा उपदेश त्याने फुकट केला.

परतीच्या गाडीत बरीचशी तीच मंडळी होती. बापलेकीचे चेहरे पाहून यशवंतरावांना खरोखर वाईट वाटले.

“अरेरे, पोरगी नेमकी शेवटालेच उतरली. लय नुकसान झालं तिचं!”

उत्तमही दिलदार माणूस. खास तिच्यासाठी त्याने शेवट पुन्हा लावायची तयारी दाखवली.

“मले नाही पाहाचं,” इंदू म्हणाली.

एवढी माणुसकी दाखवूनही पोरगी उर्मटच निघाली, असे गाडीचे एकमत झाले.

ही हकिकत सांगताना माझे डोके आजही तापते. कितीतरी जणांना मी ती सांगितली. इंदूचे पुढे काय झाले, हे एकानेही विचारले नाही. खुनी कोण, हे मात्र सगळे विचारतात. तुमच्याही तोंडाशी तेच आले आहे.

हिरॉइनचा मामा होता. उतरा आता.