खांबेट्यांचे क्वांटम नंबर

श्यामसुंदर खांबेटे पावणे औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगाच्या कारखान्यात ड्रमांवर लेबलं लावायचे. घरी आणि सोसायटीत मात्र आपण ‘केमिकलमध्ये’ आहोत, एवढंच सांगायचे. सहा वर्षं ते बिनबोभाट चाललं. मग सत्त्याण्णव साली त्यांची मुलगी गीतांजली अकरावी सायन्सला गेली आणि एका संध्याकाळी क्वांटम नंबर व ऑर्बिटलचा धडा उघडून त्यांच्यापुढे बसली. पानावरचं एक अक्षर खांबेट्यांना कळेना. रविवारी निवांत समजावतो, असं सांगून त्यांनी वेळ मारून नेली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण त्यांच्या पत्नीने, अरुणाताईंनी, ही बातमी जिन्यात सांगितली आणि दोन दिवसांत बिल्डिंगमधली आणखी सात मुलं यायचं ठरवून गेली.

खांबेट्यांना जेवण जाईना. शेवटी कारखान्यातले खरे केमिस्ट बदरुद्दीन यांच्यापाशी त्यांनी सगळं कबूल केलं. बदरुद्दीननी हसू गिळलं.

“टेन्शन घेऊ नका, खांबेटे. ह्ये चार नंबर म्हंजे इलेक्ट्रॉनचा पत्ता. पयला आकडा म्हंजे मजला. दुसरा, फ्लॅटचा आकार. तिसरा, फ्लॅटचं तोंड कुठं. चौथा, इलेक्ट्रॉन कुठल्या बाजूनं गरगरतो. एका फ्लॅटात दोघंच, नि दोघांची गरगर उलटी.”

खांबेट्यांनी ते एका लेबलाच्या पाठीवर टिपून घेतलं आणि दिवसभर पुटपुटत राहिले. त्या नादात लाल रंगाच्या चाळीस ड्रमांवर निळ्याची लेबलं लागली. न्हावा शेवा बंदराकडे निघालेला ट्रक गेटवरून परत आणावा लागला. मॅनेजरसाहेबांची बोलणी खाल्ल्यावर खांबेट्यांनी खिसा चाचपला. टिपण नव्हतं. तेही कुठल्यातरी ड्रमावर चिकटलं होतं.

रविवारी आठ मुलं हॉलमध्ये दाटीवाटीने बसली. खांबेट्यांना मजले, फ्लॅट, गरगर, सगळं आठवलं आणि त्यांनी ते खडूने फळ्यावर काढलं. एस नावाचा फ्लॅट गोल, पी नावाचा डंबेलसारखा, हेही त्यांनी धडा पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं. मग दुसऱ्या मजल्यावरच्या आफरीनने हात वर केला.

“काका, पण त्या फ्लॅटमध्ये इलेक्ट्रॉन नक्की कुठे असतो?”

हे काही बदरुद्दीननी सांगितलं नव्हतं. आता लपवण्यात अर्थ नाही, असं ठरवून खांबेट्यांनी खडू खाली ठेवला.

“खरं सांगू? ते मला सांगता येणार नाही. इथेच कुठेतरी असेल, एवढंच म्हणता येईल.”

लेबलांचंही सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच गीतांजलीने पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं.

“बाबा, अगदी हेच दिलंय. नक्की जागा कुणालाच सांगता येत नाही. जिथे असण्याची शक्यता जास्त, ते ऑर्बिटल.”

मुलांनी माना खाली घालून ते उतरवून घेतलं. आमच्या सरांना एवढंच सांगायला दोन तास लागले, असं आफरीन म्हणाली.

मुलं गेल्यावर खांबेटे खुर्चीत कोसळले. अरुणाताईंनी कौतुकाने चहा आणून दिला.

“आफरीनचे अब्बा विचारत होते, पुढच्या रविवारी मुलांना कारखान्यातली तुमची लॅबोरेटरी दाखवाल का. मी हो म्हटलंय.”

खांबेट्यांनी चहा तसाच खाली ठेवला आणि बदरुद्दीनचा फोन नंबर शोधायला घेतला.