सहाव्या आजोबांचं नाव

नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. पहिलं काम मला येतं, दुसरं आमच्या गावाला. सव्वीस वर्षं मी इथल्या शाळेत भाषा शिकवतेय. शब्दकोशाची पानं माझ्या बोटांनी इतकी झिजलीत की त्याला आता नवं पुठ्ठ्याचं कातडं घालावं लागलं. त्यामुळे माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली तेव्हा मी त्याला दवाखान्यातच फोन करून सांगितलं, "नावाचं मी बघते. तू फक्त महिन्याच्या जेवणावळीसाठी अंडी लाल रंगवायचं बघ."

आत्यानं एवढंही करू नये म्हणजे काय?

पण आमचं आडनाव आहे मो. लिहायला काही नाही, झकास अक्षर आहे, पण आमच्या चिनी कानाला ते 'नको' असंच लागतं. पुढे कितीही चांगलं नाव लावा, हे मेलं त्याला उलटं करून टाकतं. आमच्या एका काकांचं नाव फू, म्हणजे वैभव. हाक मारली की 'श्रीमंत होऊ नको'. ते जन्मभर आज्ञेत राहिले. भावाचं नाव तिंग, म्हणजे नदीकाठचा मंडप. ऐकायला येतं 'थांबू नको'. तो दुसऱ्या वर्षी बोलायला लागला तो अजून थांबलेला नाही. आणि मी श्याओ, म्हणजे पहाट. पूर्ण नाव घेतलं की 'ठाऊक नाही'. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "बाई, आपलं नाव?" मी सांगितलं. ते वर्गासमोर म्हणाले, "स्वतःचं नावसुद्धा?"

तर अशा आडनावाला वाईट शब्द लावावा, की तो आपोआप चांगला होतो, हा माझा शोध. सतरा दिवस खपून मी एक अक्षर काढलं: वांग. म्हणजे विसरणं. मो वांग, म्हणजे विसरू नको. किती गोड आहे की नाही?

भावाची सासू पहिल्या दिवसापासून ज्योतिषाचा कागद हातात घेऊन बसली होती. "पोरीच्या पत्रिकेत अग्नी कमी आहे. अक्षरात आग हवी."

"विहीणबाई, या अक्षराच्या खालच्या अर्ध्या भागात हृदयाचं चिन्ह आहे," मी म्हटलं. "आणि वैद्याला विचारा, हृदय म्हणजे अग्नीच."

ती दोन दिवस वैद्य शोधत फिरली. आल्यावर नुसती मान डोलावली. वंशावळीचं पुस्तक सांभाळणारे आमचे तिसरे काका म्हणाले, "पण या पिढीचं ठरलेलं अक्षर 'ल' आहे, म्हणजे आनंद. पूर्वजांनी घालून दिलंय."

"मो ल? पोरीला रोज आनंदी होऊ नको म्हणून हाक मारायची?"

काकांनी पुस्तक मिटलं. पूर्वजांना स्वतःचं आडनाव कसं आठवलं नाही हे कोडं त्यांनाही सुटलेलं नसावं.

आता राहिलं एकच. थोरामोठ्यांचं नाव, किंवा त्याच्यासारखं ऐकू येणारं नाव, पोराला ठेवायचं नाही. म्हाताऱ्याला नावानं हाक मारल्यासारखं होतं, त्याहून मोठा अपमान आमच्याकडे नाही. मी काय कच्च्या गुरूची चेली? मी वंशावळीचं पुस्तक तीनदा चाळलं, नऊ पिढ्या, बोट ठेवून. वांग कुठेच नव्हता. मग भावाला पोलीस चौकीत, जन्माची नोंद आमच्याकडे तिथेच होते, पाठवून कुटुंबाच्या पुस्तिकेत नाव घातलं, शिक्का मारून घेतला आणि निश्चिंत झाले.

बाळाला महिना झाला तशी जेवणावळ घातली. अंगणात बारा टेबलं, त्यावर आल्याचं कोंबडं, आंबवलेले बांबूचे कोंब, टोपलीभर लाल अंडी. मुख्य टेबलावर सहावे आजोबा. हे माझ्या आजोबांचे सगळ्यात धाकटे भाऊ, वय एक्क्याण्णव, कान निम्मे, दात शून्य. अख्खं गाव त्यांना सहावे आजोबा म्हणतं. पोस्टमनसुद्धा.

मी माइक हातात घेतला. तिंग घेणार होता, पण त्यानं घेतला असता तर कोंबडं गार झालं असतं.

"मंडळी, आमच्या घरी नवं माणूस आलंय," मी म्हटलं. "नाव मो वांग."

मुख्य टेबलावर सहाव्या आजोबांनी मान वर केली. मला वाटलं, खूश झाले.

"मो वांगचं वजन आता साडेचार किलो आहे. मो वांगच्या तोंडात अजून एकही दात नाही, डोकं कालच भादरलंय, पण आवाज असा की पलीकडच्या काठाला ऐकू जावा."

आजोबा काठी टेकून उठले.

"दिवसभर मो वांग झोपून असतं," मी रंगात आले होते. "आणि रात्री तीनदा उठून मो वांगचं ढुंगण पुसावं लागतं."

त्यांना चालत येताना बघून बारा टेबलांवरचं चघळणं थांबलं. शांततेत नुसती काठी वाजत होती, ठक, ठक, आणि ती माझ्याकडेच येत होती.

"आलो, आलो," सहावे आजोबा म्हणाले. "कोण बोलावतंय मला?"

माइक माझ्या हातातच होता, त्यामुळे माझं "अगं आई" साऱ्या गावानं ऐकलं.

त्यांचंही नाव वांग. अक्षर वेगळं, भरभराटीचं, पण उच्चार सूतभर इकडचा तिकडे नाही. मो वांग म्हणजे मो वांग.

त्यांची सून पाचव्या टेबलावरून आली ती हातातल्या अंड्यासकट. "मास्तरीणबाई, आमच्या म्हाताऱ्याचं ढुंगण कोण पुसतं ते लाउडस्पीकरवर सांगायची काय गरज होती?"

"काकू, मी बाळाबद्दल बोलत होते."

"म्हणजे लंगोटातल्या पोरीला आमच्या सासऱ्यांचं नाव? हे तर त्याहून वाईट."

"पण वंशावळीत त्यांचं नाव जिंगश्यान आहे. मी तीनदा बघितलं."

"ते पुस्तकातलं नाव," तिसरे काका कपाळाला हात लावून म्हणाले. "पुस्तकातल्या नावानं कधी कुणी कुणाला हाक मारलीय का?"

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मला तरी कुठे ठाऊक होतं? ते माझे चुलते. त्यांचं नाव मी कसं घेणार?"

मी बारा टेबलांना विचारलं. एकालाही ठाऊक नव्हतं. घ्यायचं नाही म्हणून कुणी घेतलं नाही, आणि घेतलं नाही म्हणून ते सगळ्या गावातून नाहीसं झालं. सुनेलाही म्हणे त्यांच्या औषधाच्या चिठ्ठीवरून कळलेलं. मी कुणाला विचारायला हवं होतं? आणि विचारणार तरी कसं, मोठ्यांचं नाव विचारणं हाही अपमानच. माझी काय चूक? पण हे ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. पाचवं टेबल उठून गेलं, पाठोपाठ सहावं आणि सातवंही. विहीणबाई "तरी मी म्हणत होते" म्हणाली, जे ती कधीच म्हणाली नव्हती. बाळाची आई खोलीत जाऊन रडू लागली. आणि माझा भाऊ, दुसऱ्या वर्षापासून बोलणारा माणूस, चक्क गप्प बसून माझ्याकडे बघत होता. ते मला सगळ्यात झोंबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक कोंबडी, तांदळाच्या दारूच्या दोन बाटल्या आणि सतरा नव्या नावांची यादी घेऊन सहाव्या आजोबांच्या घरी गेले. सुनेनं कोंबडी आत घेतली, मला दारातच उभं केलं.

आजोबा दाराबाहेरच उन्हात खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्या बऱ्या कानापाशी वाकले. "आजोबा, माझं चुकलं. नाव बदलते मी. आजच अर्ज देते."

"कोणाचं?"

"बाळाचं."

त्यांनी मला जवळ बसायची खूण केली. मग म्हणाले, "माझी आई नदीवरून ओरडायची. वांग, गुरं आण. मग बायको ओरडायची. ती जाऊन बत्तीस वर्षं झाली." त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "त्यानंतर काल तू."

मी सतरा नावांची यादी घडी करून मुठीत धरली.

"बदलू नको," ते म्हणाले. "आणि हळू बोलवू नका पोरीला. जोरात बोलवा. आमचं घर लांब आहे."

सून दारात ऐकत उभी होती. ती आत गेली आणि माझ्यासाठी चहा घेऊन आली. वाटीत लाल अंडंही ठेवलं होतं. मी घरी येताना रस्त्यात दोनदा डोळे पुसले, आणि भावाला सांगितलं की धूळ गेली.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. पण गावात काही एका घरात राहतं का?

आता भावजयीनं अंगणातून "वांग, दूध" म्हटलं की चार घरं पलीकडून "आलो" असं उत्तर येतं, आणि पाठोपाठ काठी. दुधाच्या बाटलीशेजारी एक पेलाही भरून ठेवावा लागतो. हे एकवेळ चालेल. पण आता म्हाताऱ्यांची रांग लागलीय माझ्या दाराशी. सातव्या आजीला तिचं नाव कुणाला तरी द्यायचंय. नदीकाठच्या न्हाव्याचा बाप रोज येऊन विचारतो, कुणाला दिवस गेलेत का.

काल वरच्या आळीतले चौथे आजोबा आले. वय चौऱ्याण्णव. त्यांनी दार लावून घेतलं, माझ्या कानाशी वाकून स्वतःचं नाव सांगितलं आणि लाजले. गोउशंग. म्हणजे कुत्र्यानं खाऊन उरवलेलं. जुन्या काळी पोर जगावं, यमाला किळस यावी म्हणून असली नावं ठेवत. त्यांचं बदलायचं राहूनच गेलं.

"आजोबा," मी म्हटलं, "हे नाव आज कोण ठेवेल हो?"

"तू शिकलेली आहेस," ते म्हणाले. "समजावून सांग."

मी हो म्हणून बसलेय. आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना सप्टेंबरात बाळ होणार आहे. आज शिक्षकांच्या खोलीत मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले, आणि नुसतं "नावाचं काही ठरलं का हो?" एवढंच विचारलं, तर त्या वर्ग नसतानाही वर्गावर गेल्या.