गायकवाड सरांची न पेटलेली भट्टी

दोन हजार पाच साल. माझं वय चौसष्ट. त्या वर्षी आमच्या भिवंडीच्या कामतघरात दुपारची लाईट गेली की सगळी गल्ली वीजवाल्यांना शिव्या घालायची. एकटे गायकवाड सर खूश व्हायचे. समोरच्या बिल्डिंगमधून खुर्ची उचलून आणायचे, माझ्या कापडाच्या कारखान्याच्या दारात मांडायचे आणि म्हणायचे, "चला भोईर शेठ, लूमची खडखड थांबली. आता बोलता येईल."

सर मुंबईच्या एका सरकारी प्रयोगशाळेतून रिटायर झालेले. बायको वारलेली, मुलगी नाशिकला दिलेली. मी चौथी नापास, पण स्वतःच्या लूमचा मालक. कुणाचं ऐकून घ्यायची सवय मला नाही.

सरांना वेड एकच, थोरियमचं. केरळच्या वाळूत म्हणे हा धातू सापडतो. तो वितळलेल्या मिठात घालायचा, ते मीठ अणुभट्टीतून, नळ्यांतून फिरवायचं आणि त्याच्या उष्णतेवर वीज करायची. "शेठ, भिवंडीचा एक लूम थांबणार नाही!"

"मग लावा की भट्टी. अडलंय कुठं?"

एवढं विचारलं की सरांचा चेहरा असा फुलायचा, जणू पाहुणे मुलगी पसंत करून गेलेत. "अडचण पहिली! थोरियम आपणहून पेटत नाही. दुधाला विरजण लागतं, तसं त्याला दुसरं इंधन लागतं. ते आपल्या देशात कमी."

"मग शेजारून वाटीभर आणा."

"शेजारी देत नाहीत, शेठ!"

दुसरी अडचण नळ्यांची. इथं मी सोडतो होय! माझा बाप मिठागरात राबलेला. "सर, मीठ लोखंड खातं. आमची फावडी बघितली असतीत तर कळलं असतं."

"ते ओलं मीठ. आमचं कोरडं ठणठणीत, जातही वेगळी. ते पोलादातलं क्रोमियम तेवढं ओढून घेतं."

"म्हणजे खातंच की!"

सर कपाळावर हात मारायचे. त्यांचं खरं असणार, पण मागं हटेल तो भोईर कसला?

"आणि गार झालं तर?"

"नळीतच गोठतं. दगड होतो. म्हणून नळ्यांना हीटर लावायचे."

"हीटरला लाईट कुठली? वीज करायच्या कारखान्याला आधी वीज पाहिजे?"

गल्ली हसली. सगळ्यात जास्त हसले ते सर.

एक दिवस सून म्हणाली, "बाबा, एकटा माणूस तो, शिकलेला. कशाला रोज भांडता? जरा हो म्हणा की." म्हटलं, ठीक. दुसऱ्या दिवशी सर बोलत गेले, मी मान हलवत गेलो. "बरोबर सर. तुम्ही म्हणता तसंच."

सर थांबले. "बरं नाही का शेठ?"

"बरा हाय की."

थोडा वेळ बसले आणि उठून गेले. मग लाईट गेली तरी खाली येईनात. मला वाटलं, त्यांचं समाधान झालं असेल.

पुढच्या महिन्यात त्यांची मुलगी निरोप घ्यायला आली. "काका, बाबांना उद्या कायमचं नाशिकला नेतेय."

"असं एकाएकी?"

"आई रोज जेवताना त्यांना अडवायची. तिला त्यातलं काही कळत नव्हतं, पण 'हे काही जमायचं नाही' म्हणायची आणि बाबा तासभर समजावत बसायचे. ती गेली आणि ते गप्पच झाले. मग फोनवर सांगायला लागले, खाली एक शेठ आहेत, अगदी तुझ्या आईसारखे हट्टी. आणि परवा म्हणाले, शेठनी पण वाद घालायचं सोडलं. आता इथं कशाला राहू?"

एरवी कुणी मला बाईमाणसाच्या जोडीला बसवलं असतं तर त्याची खैर नव्हती. त्या दिवशी मी एवढंच विचारलं, "उद्या किती वाजता निघणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी लूम चालू करायचे सोडून मी सरांचा जिना चढलो. दारात बॅगा बांधून ठेवलेल्या. मी उंबऱ्यातूनच ओरडलो, "सर, भट्टीच्या आत नळी गळली तर? तिथं किरणं हायत म्हणता, मग दुरुस्तीला माणूस शिरणार कसा? हे काय जमायचं न्हाय!"

सर वळले. "माणूस नाही, यंत्राचा हात घालायचा. लांबून."

"आणि तो हातच आत अडकला तर?"

सर बॅगेवर बसले, मला समोर बसवलं आणि मुलीला म्हणाले, "जरा चहा टाक गं. ह्यांना समजवायला वेळ लागणार."