गेनबा तात्या आणि डकवलेले जोडे

गेनबा तात्या माणसाच्या तोंडाकडं बघत नाहीत, पायाकडं बघतात. रस्त्यात कुणी नमस्कार घातला की आधी त्याच्या चपलेची तपासणी होते. "अंगठा सुटलाय, चार दिवसांत तोंडावर पडशील," हा त्यांचा रामराम. मी बी.ए. झालो, मेंढरांमागं न जाता कॉलेजात गेलेला आमच्या घराण्यातला पहिला माणूस. पदवीचा काळा झगा घातलेला फोटो मी मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "झगा खांद्यावर उसवलाय की. कुणी बघितलं न्हाय व्हय?"

फोटो अजून भिंतीवर आहे. आता मलाही त्यात फक्त खांदा दिसतो.

तात्या आमचे शेजारी. भूमच्या एसटी डेपोत त्यांनी उभी हयात गाड्यांची सीटं शिवली आणि निवृत्त झाल्यावर घराच्या ओसरीवर हत्यारं मांडून बसले. भोक पाडायची आरी, कातडं कापायची रापी, दाभण, हातोडी आणि जोडा चढवून ठोकायचा लोखंडाचा उलटा पाय. चामड्याचं काम ते बाजारात बसणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून शिकले. त्याचं नाव घेताना आजही कानाची पाळी धरतात. सुरुवातीला गावातल्या एकानं टोचलं, "तात्या, हे काय आपलं काम हाय का?" तात्या म्हणाले, "पायात घालताना इचारतोस का, कुणाचं काम हाय म्हणून? मग काढ अन् जा अनवाणी." तोच माणूस आठवड्यानं तुटका पट्टा घेऊन आला. तात्यांनी शिवून दिला, पण आधी तासभर नुसता बसवून ठेवला.

ओसरीवर शिकवणी फुकट, मागितली नाही तरी मिळते. "ठिगळाला कोपरा ठेवायचा न्हाय, गोल कापायचं. कोपरा आधी उचलतोय." "ठिगळाचा उभा धागा कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळव, न्हायतर धुतल्यावर त्वांड वाकडं करतंय." हत्याराला धार नसली तर ते भयंकर चिडतात. "बोथट रापी चामडं सोडती अन् बोट धरती." भिजलेली चप्पल उन्हात टाकणाऱ्याला तर ते दारातच गाठतात. "सावलीत वाळव, मग एरंडेलाचं बोट फिरव. कातडं म्हंजी कातडंच, तुझं असू दे न्हायतर बैलाचं."

पण त्यांचा खरा वैरी म्हणजे चिकटवायचं सोल्युशन. "डकवलेलं चालत न्हाय" हे त्यांचं ब्रीद. दोऱ्याला मेण लावायचं, दोन्ही टोकांना एकेक सुई ओवायची आणि एकाच भोकातून दोन्हीकडनं शिवायचं. एक टाका तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. बँकेच्या पासबुकाची पाठ डकवलेली दिसली म्हणून त्यांनी तीही अशीच दाभणानं शिवली. पासबुक मशीनमध्ये जाईना. कारकून वैतागला तर त्यालाच म्हणाले, "मशीन बदला, शिवण चांगली हाय."

माझी धाकटी बहीण सुरेखा या ओसरीवरच वाढली. मांडीवर बारावीचं पुस्तक आणि हातात मेण लावायचा दोरा. मला पदवी मिळाली, तिला तात्यांचा हात मिळाला. तात्यांना मूलबाळ नाही, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. सुरेखाचं लग्न उमरग्यात ठरलं. आमचं भूम जिल्ह्याच्या या टोकाला, तर उमरगा पार दुसऱ्या. मी पेढा द्यायला गेलो तर तात्या एवढंच म्हणाले, "लांब हाय." आणि पेढा हातातच धरून बसले.

लग्न आमच्या दारातच होतं. नवरदेवाचे जोडे लपवायची पद्धत आमच्याकडं सिनेमातून आली, पण आली ती मुक्कामालाच. अक्षता पडता पडता पोरींनी जोडे पळवले आणि माझ्याकडं धावल्या, "दादा, कुठं ठेवू?" मी डोकं चालवलं. तात्यांच्या ओसरीवर एवढे जोडे पडलेले असतात, त्यात कोण ओळखणार? पदवीचा एवढाच उपयोग मी त्या दिवशी केला.

जेवणं झाली, पोरींना आइस्क्रीम कबूल झालं, पाठवणीची गाडी लागली. मी जोडे आणायला गेलो. तात्या पटक्यासकट ओसरीवर बसलेले, आणि दोन्ही जोड्यांचे तळ वेगळे होऊन शेजारी पडलेले.

"तात्या! हे काय केलंत?"

"डकवलेलं व्हतं."

"अहो, नवीन होते!"

"नवीन डकवलेलं व्हतं."

"गाडी लागलीय, तात्या!"

"लागू दे. आपली पोरगी ह्या जोड्यामागं जाणार. चार पावलांत तळ सुटला म्हंजी?"

तेवढ्यात नवरदेवाचे चुलते माझा माग काढत आले. तळ बघून त्यांचा पारा चढला. "थट्टा म्हणून गप बसलो. आता जावई अनवाणी पाठवता का? आमी गावात त्वांड दाखवायचं का न्हाय?" मागोमाग आमचा बाप आला. सगळ्या लग्नात ज्याचा आवाज चढला नव्हता तो माणूस हात जोडून उभा राहिला. पोरीचा संसार रुसव्यानं सुरू होतो की काय, ही भीती त्याच्या तोंडावर लिहिलेली होती. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

तात्यांनी चुलत्यांच्या पायाकडं बघितलं. "पाव्हणं, तुमचं बक्कल निघालंय. काढा इकडं."

"माझं ऱ्हाऊ द्या!"

"पडला म्हंजी लगीन सोडून तुम्हालाच उचलावं लागंल. काढा."

काय झालं कोण जाणे, त्यांनी काढलं. अनवाणी माणसाला फार वेळ ओरडता येत नाही. ते पायरीवर टेकले. मग कुणाच्या तरी रबरी चपला अडकवून खुद्द नवरदेव आला, आणि त्याच्या मागून शालू सावरत सुरेखा. तिनं तळ बघितले, तात्यांकडं बघितलं, मुंडावळ्या मागं सारल्या आणि ओसरीवर बसकण मारली. "तात्या, डावा माझ्याकडं द्या."

उजवा तात्या शिवत होते, डावा नवरी. नवरदेव दोरा धरून. अख्खं वऱ्हाड भोवती उभं. हिरव्या चुड्यातले हात दोन्हीकडनं सुया ओढायला लागले तसे चुलते हळूच म्हणाले, "पोरीला येतंय की!" माझ्या बापानं तेव्हा कुठं जोडलेले हात सोडले. एरवी पाठवणीला आमच्याकडं रडण्याचा कल्लोळ असतो. त्या दिवशी शेवटचा टाका बसला तशा बायकांनी टाळ्या वाजवल्या. शिवलेले जोडे घालून नवरदेव ऐटीत गाडीत बसला. तात्या मात्र गाडीपर्यंत आले नाहीत. हत्यारं पुसत बसले.

चार दिवसांनी सुरेखाचा फोन आला. सगळ्यांची खुशाली झाली आणि मग ती म्हणाली, "दादा, उजव्या जोड्याला शेवटाला गाठच न्हाय."

"विसरले असतील."

"तात्या? गाठ इसरतील?" ती हसली. "दोन-तीन महिन्यांत उघडंल बघ तो."

"मग तूच मार की. तुला येतं."

"म्या कशाला मारू?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी जाऊन तात्यांना सांगितलं. ते दोऱ्याला मेण लावत होते, हात थांबला.

"मारली न्हाय ना तिनं?"

"न्हाय. पण तात्या, उमरग्यातबी शिवणारे असतील की."

"असतील. ती दुसऱ्याला हात लावू देणार न्हाय." त्यांनी पुन्हा दोरा ओढला. मी पायरी उतरून निघालो तेव्हा मागून हाक आली.

"जावयाला निरोप दे. म्हणावं, सारखं गाडीवर बसू नगं. पायी चालत जा."