बाबांची शिकवणी

सिंगापूरमधल्या बिशानच्या त्या फ्लॅटमध्ये गणिताचा अभ्यास जेवणाच्या टेबलावर सुरू व्हायचा आणि टेबलाखाली संपायचा. वर रुचिरा वर्कशीट घेऊन बसलेली, खाली तिची चौथीतली लेक चैत्राली पालथी पडून फरशीवर बोटाने गिरवत असलेली. दोन ट्यूशन टीचर येऊन गेल्या. पोरगी एका जागी बसत नाही म्हणून पहिली गेली, गप्प बसत नाही म्हणून दुसरी. शाळेने तर स्पष्टच कळवलं होतं की वर्षअखेरीपर्यंत सुधारणा दिसली नाही तर पाचवीत तिला गणिताच्या सोप्या गटात घालतील. चैत्राली त्या गटाला ‘ढ लोकांचं गणित’ म्हणायची, आणि आपली रवानगी तिथेच होणार हे तिने मनोमन धरूनच टाकलं होतं.

अशाच एका संध्याकाळी तिचा बाबा, निशिकांत, जुरोंग आयलंडहून कंपनीच्या बसने घरी आला. तिथल्या केमिकल प्लँटमध्ये तो इंजिनियर. गळ्यातला पासही न काढता तो सोफ्यावर पडला आणि फोनमध्ये डोकं घातलं. टेबलाखालून प्रश्न आला की एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश. निशिकांतने धड ऐकलंही नव्हतं. चतुर्थांश, म्हणाला, तिनापेक्षा चार मोठे नाहीत का?

टेबलाखालून डोकं बाहेर आलं. चैत्रालीने डब्यातली पोळी काढली आणि बाबाच्या समोर फतकल मारून शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत सुरुवात केली.

"बाबा, नॉट लाइक दॅट लाह. बघ, आपण तिघं आहोत. तिघांत पोळी वाटली तर एवढा तुकडा. आता खालची शुभदाकाकू जेवायला आली. तुझा तुकडा वाढला का कमी झाला?"

"कमी झाला," निशिकांत म्हणाला.

"मग चतुर्थांश मोठा कसा?"

रुचिरा बघतच राहिली. महिनाभर डोकेफोड करून जे पोरीच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते ती बापाला फाडफाड समजावत होती. तिने नवऱ्याला पाणी द्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात ओढलं आणि हळूच बजावलं, "आजपासून तू ढ. कळलं? शहाणपणा करायचा नाही."

आता, बरोबर उत्तर काढायला काय, कोणीही काढेल. पण नऊ वर्षांच्या पोरीला पटेल अशी चूक काढायची म्हणजे डोकं लागतं. निशिकांत बसमध्ये डोळे मिटून उद्याच्या चुका ठरवू लागला. एकदा तर तो इतकं अचाट चुकला की चैत्रालीने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं. ती त्याला चालता चालता शिकवायची, फरशांवर उड्या मारायला लावायची, काकडी कापून दाखवायची. आणि बाबासाठी रोज तयारी करावी लागते म्हणून पुस्तकही उघडायची. पुढच्या चाचणीत बाईसाहेब चक्क पास झाल्या. घरी येऊन मार्कांबद्दल चकार शब्द नाही. बाबाला म्हणाली, तू घाबरू नकोस, मलाही आधी येत नव्हतं.

इथवर सगळं छान होतं. पण पोर पडली मायाळू. खालच्या मजल्यावरची शुभदा लिफ्टमध्ये भेटली तेव्हा चैत्रालीने तिला विनवलं की माझ्या बाबाला कोणी हसू नका, त्याला लहानपणी अपूर्णांक नीट शिकवलेच नाहीत. शुभदा हसली नाही. तिला कीव आली, आणि तिने ते नवऱ्याला सांगितलं. नवरा चारुदत्त निशिकांतच्याच प्लँटमध्ये. दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो शेजारी सरकला आणि हलक्या आवाजात विचारू लागला की इंजिनियरिंगला ॲडमिशन डोनेशनवर होती का, सांगितलंस तरी आपल्यातच राहील.

निशिकांतने खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. याला सांगावं तर संध्याकाळी शुभदाला कळणार, आणि शुभदाच्या पोटात गोष्ट राहील तर शपथ. लेकीला कळलं की शिकवणी बंद आणि सोपा गट पक्का.

"हो," तो म्हणाला. "डोनेशनवर."

चारुदत्त माणूस वाईट नव्हता. पण केमिकलचा कारभार, उद्या काही झालं तर? त्याने काळजीपोटी मॅनेजर मिस्टर ओंग यांच्या कानावर घातलं. ओंग फारच भला माणूस. त्यांनी निशिकांतला केबिनमध्ये बसवून चहा पाजला, प्रत्येकाचं काहीतरी कच्चं असतंच म्हणाले, त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं. तेव्हा यापुढे निशिकांतचे आकडे चारुदत्तने एकदा नजरेखालून घालावेत, एवढंच. निशिकांतने तो चहा औषधासारखा प्यायला. घरी येऊन त्याने बायकोला सांगून टाकलं की बास झालं, इथे नोकरीत अब्रू चाललीय माझी. रुचिराने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. चैत्राली आरशासमोर उभी राहून उद्या बाबाला काय शिकवायचं त्याची तालीम करत होती. निशिकांत मुकाट्याने जाऊन फरशीवर बसला.

मग शाळेतून बोलावणं आलं. वर्गशिक्षिका मिस गो यांनी चैत्रालीचं कौतुक केलं, आणि मग निशिकांतकडे वळून फार हळुवारपणे सांगितलं की यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पालकांसाठी शनिवारी सकाळी गणिताचा वर्ग असतो, चैत्रालीने तुमचं नाव दिलंच आहे. रुचिरा एकाएकी भिंतीवरची चित्रं बघायला उठली. तिचे खांदे हलत होते.

शनिवारी वर्गात बऱ्याचशा आज्या, काही आईबाप आणि मागच्या बाकांवर मुलं. मिस गोंनी फळ्यावर गणित घातलं. दादाकडे बहिणीच्या तिप्पट स्टिकर आहेत. दोघांचे सारखे व्हायला दादाने आपल्यातला कितवा हिस्सा द्यावा? निशिकांतच्या मनात आलं, एवढं एक बरोबर सोडवावं. इतक्या दिवसांत तेवढाच जिवाला थंडावा, आणि शिकवणीचं चीज झालं म्हणून पोरगीही खूश होईल. तो ऐटीत फळ्याशी गेला आणि त्याने ‘एक्स’ मांडला.

एक्स चालणार नाही, मिस गो म्हणाल्या. प्रायमरीत मुलांना एक्स माहीत नसतो, चौकोनांची चित्रं काढून सोडवायचं.

निशिकांतने एक्स पुसला आणि एक चौकोन काढला. पुढे काय काढायचं ते सुचेना. जन्मभर एक्सच्या कुबडीवर चाललेला माणूस, ती काढून घेतल्यावर जागच्या जागी उभा राहिला. हाताच्या सवयीने चौकोनाला एक पाइप जोडला गेला, पाइपला व्हॉल्व्ह. केमिकलची टाकी मात्र सुरेख झाली. मागे कोणाचा तरी बाप फिसकन हसला, मग आणखी दोघंतिघं.

चैत्राली उभी राहिली.

"डोन्ट लाफ," ती म्हणाली. "माय फादर लर्न्स डिफरंटली."

ती फळ्याशी आली, तिने टाकीखाली दादाचे तीन चौकोन काढले, बहिणीचा एक. मग बाबाचा हात धरून दादाचा एक चौकोन बहिणीकडे सरकवल्यासारखा केला. इकडे दोन, तिकडे दोन. तिनातला एक गेला, म्हणजे एक तृतीयांश. इतकी वर्षं जे तो नुसतं मांडून सोडवत आला होता, ते निशिकांतला आज पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. "अरे, हो की," त्याच्या तोंडून निघालं, आणि त्यात नाटक तिळभरही नव्हतं.

परत येताना चैत्राली पुढे उड्या मारत होती आणि निशिकांत मागून तिला बघत चालला होता. एवढ्या वर्षांत कोणत्याही वर्गात ‘ही वेगळ्या पद्धतीने शिकते’ हे वाक्य तिच्यासाठी कोणी उच्चारलं नव्हतं. तिने ते त्याच्यासाठी उच्चारलं. अशा पोरीशी खोटं बोलायचं म्हणजे पापच. इमारतीखालच्या बाकावर त्याने तिला बसवलं.

"चैतू, खरं सांगतो. मला अपूर्णांक येतात. आधीपासून येतात. मी मुद्दाम चुकत होतो."

चैत्राली चिडली नाही, रडली नाही. तिने त्याच्याकडे नीट बघितलं, मग जवळ सरकून त्याचा हात हातात घेतला.

"मीपण असंच सांगायचे, बाबा," ती म्हणाली. "टीचरला, आईला. मला येतं, मी मुद्दाम चुकते. खरं तर यायचं काहीच नाही."

ती त्याचा हात थोपटत राहिली.

"बरं," शेवटी तो म्हणाला, "उद्या काय शिकवशील?"

"आधी आजचं पक्कं कर," चैत्राली म्हणाली.